पाच दिवसांची चिठ्ठी

माझ्या पोरीचे गाल गावात नावाजलेले होते, आणि ते गाल मी गोळ्या चारून आणले होते. आज हे एका ओळीत लिहून मोकळी झाले. तेव्हा कोणी तोंडावर असं म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

आमचं गाव आंधळगावपासून सायकलच्या अंतरावर. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मधे एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीच्या पाळीवर शाळा. इथली पोरं म्हणजे नुसत्या काटक्या. त्यात माझी आठ वर्षांची एकटी गोल तोंडाची, भरल्या गालांची. बोरिंगवर पाण्याला गेले की बाया विचारायच्या, "काय चारून राहिली वं पोट्टीले? मस्त बाळसं धरलं." मी म्हणायची, "काय चारन बाई, तुमच्या घरी शिजते तेच, भात न वरण." आणि घरी आल्याबरोबर मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची. दृष्ट लागू नये म्हणून! काय म्हणावं मला.

दमा तिला सहाव्या वर्षी सुरू झाला. धानाचा चुरणा चालू होता, म्हणजे मळणी. थ्रेशर घरामागच्या खळ्यावर लागलं होतं आणि कोंडा उडून भिंती पिवळ्या झाल्या होत्या. दुपारी पोरगी माझ्याजवळ आली आणि नुसती उभी राहिली. बोलेना. छातीतून शिट्टीसारखा आवाज, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. मला काही कोणी सांगायची गरज नव्हती. हा आवाज मी लहानपणापासून ओळखत होते.

तालुक्याला एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्कर गृहस्थ, हळू बोलणारे. त्यांनी तिला तिथंच वाफ दिली आणि मग तीन औषधं लिहिली. एक पंप, त्याच्यासोबत प्लास्टिकची जाड नळी. एक चघळायची गोळी, रोज झोपताना. आणि तिसरी बारकी पांढरी गोळी. त्या तिसरीच्या पुढं त्यांनी "५ दिवस" असं लिहिलं आणि त्याच्याभोवती पेनाने गोल केला, दोनदा.

"पाच म्हणजे पाचच," ते म्हणाले. "ही संकटातली गोळी आहे, रोजची नाही. रोजचं औषध पंप. रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा."

मी मान डोलावली. आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं.

का केलं ते सांगायचं तर मला माझ्या मोठ्या बहिणीचं सांगावं लागेल. तिला दमा होता. लग्न जुळवताना आमच्या घरच्यांनी तो सांगितला नाही. पहिल्याच रोवणीत, सासरच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभी असताना तिला दम लागला आणि ती धानाचे परे, रोपं, तशीच हातात धरून खाली बसली. आठ दिवसांत सासऱ्याने तिला आणून आमच्या दारात सोडलं. "दमेकरी पोरगी आमच्या गळ्यात बांधली," हे तो इतक्या मोठ्याने बोलला की शेजारच्या तीन घरांतली माणसं बाहेर आली. त्यानंतर ती मरेपर्यंत आमच्या दारापुढच्या सपरीच्या कोपऱ्यात राहिली. धान उकडायची, सुपाने पाखडायची, खोकायची. मला बघायला पाहुणे आले तर आधी त्यांची नजर तिच्याकडे गेली. त्यांच्यातल्या एका बाईने सरळ विचारलं, "इलेही हाये का तसंच?" माझा बाप म्हणाला, "नाही जी, बिलकुल नाही." बहीण उठून घरामागच्या सांदवाडीत निघून गेली.

लपवल्यामुळे ती परत आली होती. मी त्यातून काय शिकले, तर आणखी नीट लपवायचं. अक्कल अशी असते माणसाची.

तर तो पंप. आमच्याकडे पंप म्हणजे शेवट. ज्याला पंप लागला तो आता काही दिवसांचा, असंच सगळे समजतात. "दमा जीवासोबतच जाते," असं म्हणत म्हातारे सुस्कारा टाकतात. आणि पंप दिसतो. तोंडाला लावला की शेजारणीला दिसतो, शाळेत दिसतो, लग्नाकार्यात दिसतो. गोळी दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पंप आणि नळी लुगड्यात गुंडाळून लोखंडी पेटीच्या तळाशी घातली आणि वर माझं लग्नातलं पातळ ठेवलं.

चघळायची गोळी महिनाभर दिली. तिचा गुण काही दिसेना. खाल्ली काय न नाही खाल्ली काय, पोरगी तशीच. बंद केली. आणि ती बारकी पांढरी! दोन दिवसांत छातीतली शिट्टी गेली, तिसऱ्या दिवशी पोरगी बोडीच्या पाळीवर धावत होती. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कोणत्या गोळीला औषध म्हटलं असतं?

पाच दिवस झाल्यावर थांबवली, खोटं कशाला बोलू. पण दीड महिन्यात पुन्हा शिट्टी. मी तीच चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने चिठ्ठीकडे पाहिलं, गोलाकडे पाहिलं नाही. गोळ्या मिळाल्या. मग जरा खोकला आला की दे, पाहुणे येणार असले की आधीच दे, शाळेची सहल आहे म्हणून दे, रोवणीच्या दिवसांत घरी बघायला कोणी नाही म्हणून दे. करता करता रोज सकाळची झाली. बरं दिसलं तर अर्धी, जरा ओढ लागली तर सबंध. मीच डॉक्टर! चिठ्ठी घड्यांवर फाटली तेव्हा मी ती भाताच्या शिताने चिकटवली. गोळ्या पाकिटातून काढून कागदाच्या पुडीत ठेवायची, म्हणजे कोणाच्या हाती लागल्या तरी कशाच्या ते कळू नये. पोरीला सांगून ठेवलं होतं, "कोणी विचारलं तर काय म्हणशील?" ती म्हणायची, "मी काहीच खात नाही." मी म्हणायची, "हुशार माही पोर."

नवरा एकदाच बोलला. "डॉक्टरनं पाच दिवस सांगतले होते ना वं?"

"तुम्ही धान पाहा," मी म्हणाले, "पोरगी मी पाहतो."

माझ्या तोंडापुढे आमच्या घरात कोणी टिकत नाही. तो गप्प बसला. पुढं मी त्याला खूप दोष दिला, की तू गप्प काहून बसला. पण त्याला बोलू कोणी दिलं असतं?

दोन वर्षं अशी गेली. पोरगी मोठ्या गड्यासारखी जेवायची, ताटातला भात संपला की माझ्या ताटाकडे पाहायची. गाल वाढले, पोट वाढलं. मागच्या वर्षीचा फ्रॉक रुंदीला होईना, लांबीला मात्र तेवढाच. शाळेच्या प्रार्थनेत तिच्या मागं उभ्या राहणाऱ्या पोरी तिच्या डोक्यावरून पुढं पाहायला लागल्या. गालावर बारीक लव आली. हे सगळं मला दिसत होतं. पण छाती वाजत नव्हती ना! बाकी सगळं मी डोळ्यांआड केलं.

मग त्या वर्षी लांबच्या नात्यातल्या एका बाईने सहज बोलता बोलता एका वैद्याचं सांगितलं. वैनगंगेपलीकडे एका गावात कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देतात. वर्षातून एकदा, आणि दमा मुळापासून जातो. पथ्य काय, तर आंबट नाही, वांगं नाही, आणि आठ दिवस आधीपासून अंग्रेजी दवा बिलकुल बंद. मला तर देवच भेटल्यासारखं झालं. नदीपलीकडे आपल्याला ओळखतो कोण? गावात माहेरी चालले म्हणून सांगायचं, औषध द्यायचं, यायचं, आणि गोळीचीही कटकट कायमची मिटवायची. वैद्याला मी दोष देत नाही. तो जे सगळ्यांना सांगायचा तेच त्या बाईकडून माझ्यापर्यंत आलं. माझी पोरगी काय खाते हे त्याला कुठं ठाऊक होतं? ते तर मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

कोजागिरीच्या आधीचे आठ दिवस मोजून मी पुडी चुलीत टाकली. हात परत तिकडं जाऊ नये म्हणून.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पोरगी उठेना. "माय, पाय दुखून राहिले," म्हणे. चौथ्या दिवशी जेवली नाही. जी माझ्या ताटात डोकावायची तिने भाताकडून तोंड फिरवलं. पोट दुखतं म्हणाली, दोनदा ओकली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "होऊ दे बाई, गोळ्यांची गरमी निघून राहिली अंगातून. सगळी निघाली म्हणजे खिरीचं औषध चांगलं लागू पडन." खरंच असं वाटत होतं मला. शेतात नवं धान टाकण्याआधी जुनी खुटं काढतो तसं काहीतरी.

पाचव्या दिवशी सकाळी थोडा ताप होता. मी आंगणात सडा टाकत होते, ती न्हाणीकडे गेली आणि परत आली नाही. जाऊन पाहते तर दगडाजवळ आडवी. अंग थंडगार, घामाने चिंब. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हते. छाती फार वाजत नव्हती. तेच मला कळेना, की दमा नाही तर मग हे काय?

नवऱ्याने फटफटी काढली. मधे पोरगी, मागं मी तिला छातीशी आवळून. मोहाडीच्या सरकारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आदळत होतं तेवढं आठवतं.

डॉक्टरीण तरुण होती. तिने हाताला पट्टा बांधून दाब पाहिला, पुन्हा पाहिला. बोटाला टोचून साखर पाहिली, साखर कमी होती. सलाईन लावलं, साखरेचं इंजेक्शन दिलं. "बीपी फारच कमी आहे," ती नर्सला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काही औषध चालू आहे का हिला? कुठलीही गोळी, गावठी औषध, काहीही?"

मी तोंड उघडणार तर बाजूच्या खाटेजवळ आमच्याच गावची बाई उभी. सुनेला घेऊन आलेली. गावातली निम्मी लग्नं तिनेच जुळवलेली. हातातला डबा तसाच धरून ती माझ्याकडे पाहत होती, काय झालं पोरीला या चिंतेने. तिच्या मनात काही पाप नव्हतं. पण मला माझ्या बापाच्या सपरीतले पाहुणे दिसले.

"नाही जी," मी म्हणाले.

"दम्याचा त्रास? आधी कधी?"

"नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. मी मनात म्हणत होते, खोटं थोडंच आहे, गोळी तर पाच दिवसांपासून बंदच आहे. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो! डॉक्टरणीने साप चावला का म्हणून पोरीचे पाय तपासले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मलेरियासाठी रक्त घेतलं. भंडाऱ्याला फोन लावला, गाडी बोलावली. दुसरं सलाईन लावलं. परत दाब पाहिला आणि ओठ आवळले. "चढत का नाहीये?" हे ती कोणाला उद्देशून बोलली नाही.

मग ती थांबून पोरीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. गालाला बोट लावलं. मानेमागं हात घालून तिथला मांसल भाग चाचपला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला काही न विचारता खाटेवर वाकली.

"बाळा, ऐकू येतं का? तू सांग मला. आई तुला रोज एखादी गोळी देते का?"

पोरीने डोळे उघडले. इतक्या वेळात पहिल्यांदा तिला कोणीतरी ओळखू आलं. तिने डॉक्टरणीकडे पाहिलंच नाही. मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, एकमेकांना चिकटले होते.

"नाही," ती म्हणाली. "मी काहीच खात नाही."

अंगात त्राण नव्हतं तिच्या. पाणी मागायला शब्द नव्हता. जेवढा श्वास उरला होता तेवढ्यात ती माझं खोटं सांभाळत होती.

मी किंचाळले. हळू बोलणं मला जन्मात जमलं नाही, आणि त्या दिवशी बरं झालं नाही जमलं ते. "खोटं बोलते थे! मीच शिकवलं तिले! दमा हाये तिले डॉक्टरबाई, दोन वर्षांपासून रोज गोळी देऊन राहिलो, बारकी, पांढरी, कडू लागते, पाच दिवसांचीच लिहून देली होती, मी देतच गेलो, देतच गेलो..."

"बंद कधी केली?"

"आज पाचवा दिवस."

 तिने नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि नर्स धावली. धावताना तिची चप्पल पायातून निसटली, ती तशीच गेली. बाजूच्या खाटेजवळ आमच्या गावची बाई तोंडावर पदर धरून उभी होती. दिसू दे, म्हटलं. ऐकू दे सगळ्या गावाला.

भंडाऱ्याच्या गाडीत बसेपर्यंत हात थोडे कोमट झाले होते. दुपारी तिथं दाब वर आला. ऊन उतरायच्या आत पोरीने विचारलं, "माय, भात हाये का?" मी हसले का रडले, नवऱ्याला विचारलं तर तो सांगतो की दोन्ही.

आठवडाभर तिथं होतो. मोहाडीची ती डॉक्टरीण एक दिवस काही कामाने तिकडं आली होती, मुद्दाम वॉर्डात येऊन गेली. मी तिला विचारलं, "म्हणजे ती गोळी जहरच म्हणायची ना जी?"

"जहर कसं?" ती म्हणाली. "त्या दिवशी हिला जे इंजेक्शन दिलं ते त्याच जातीचं औषध आहे. पहिल्यांदा दम लागला तेव्हा त्या पाच दिवसांनीच हिला वाचवलं असेल. आपल्या अंगात असं औषध रोज थोडं थोडं तयार होत असतं. बाहेरून रोज मिळायला लागलं की अंग ते बनवणं सोडून देतं. तुम्ही बाहेरचं एकदम बंद केलं, आतलं आधीच बंद पडलेलं. मग साधा ताप झेलायलाही तिच्याजवळ काही उरलं नाही. आता ती गोळी हळूहळूच उतरवायची, आम्ही कागदावर लिहून देऊ तशी, मनाने एक दिवसही मागंपुढं नाही. आणि पंप रोज. पंपातलं औषध अगदी थोडं असतं आणि सरळ छातीत जातं."

"मी आधी सांगतलं असतं तर?" मी विचारलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उत्तर दिलं नाही. ते दिलं नाही याचा मला अजून राग येतो, आणि दिलं असतं तर तोही आला असता.

गावात परतलो तोवर सगळ्यांना सगळं माहीत होतं. दवाखान्यात भेटलेल्या आमच्या बाईने आपलं काम चोख केलं होतं. दोन-चार जणींनी बोरिंगवर बोलणं तोडलं. पण पंधरा दिवसांत तीन बाया माझ्या घरी आल्या, वेगवेगळ्या दिवशी, मागच्या दाराने. तिघींच्याही पदराच्या गाठीत गोळ्या. "पाह्य बरं, हेच का ते?" एकीचा नवरा चिखल्याच्या खाणीत कामाला, तिथून येताना घेऊन येतो, वर्ष झालं खातो. एकीची नात पाच वर्षांची. मी काय सांगणार, मला काय औषधातलं कळतं! एवढंच म्हणाले की आपल्या मनाने देऊ नका आणि घाबरून आपल्या मनाने बंदही करू नका, गोळी घेऊन डॉक्टरकडे जा आणि तिथं तोंड उघडा. हे मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. मागच्या दाराने आलेल्या बायांना समोरच्या दारापर्यंत पोचवलं.

गोळी उतरवायला कितीतरी महिने लागले. गाल ओसरले तसं गाव म्हणायला लागलं, "पोट्टी सुकली वं." सुकू दे. पंप पेटीतून निघाला तेव्हा त्याची मुदत संपून गेली होती, नवा आणला. आता ती आंगणात उभी राहून सगळ्यांदेखत नळी तोंडाला लावते, मग चूळ भरते. उंचीला जरा कमी राहिली. आंधळगावच्या शाळेत सायकलने जाते, दहावीला आहे, आणि तोंडाने माझ्यावर गेली आहे. लग्नाचं विचारायला अजून कोणी आलं नाही. येतील तेव्हा पंप ताटात ठेवून दाखवीन.

तीन महिन्यांनी एकदा तपासणीला नेते. डॉक्टर नेहमीचंच विचारतात, "पंप रोज घेतेस ना? एखादा दिवस चुकतो का?" साधा प्रश्न आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तिथं गावचं कोणी नसतं, असलं तरी आता काय. पण ती आधी मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहते. मी खिडकीबाहेर बघायला लागले आहे हल्ली, म्हणजे माझं तोंड तिला दिसूच नये. ती थोडा वेळ वाट पाहते. मग खरं ते सांगते. पण आधी वाट पाहते.